काका, सीट हलते

सुई वर आली ती ओली.

दाभणने ती उजेडात धरली. बोटभर लांबीची, चंद्रकोरीसारखी वाकडी, गाद्या शिवायची सुई. तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा. तो बराच वेळ पडेना. मग पडला, आणि गाडीच्या पायरीवर तपकिरी ठिपका उमटला.

"भाऊजी," दाभण म्हणाला, "हे काय?"

"काय म्हणजे? पाणी. बाहेरून लागलं असेल कुठून तरी."

"बाहेर सगळं ठणठणीत कोरडं आहे. मी सुई आत टोचली होती."

"मग तुझ्या हाताचा घाम."

"माझ्या हाताला तपकिरी घाम फुटत नाही हो अजून. तुमची बहीण असती माझ्या घरात, तर फुटलाही असता."

एरवी या विनोदावर भाऊजींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. साला-भाऊजींची ही जुनी देवाणघेवाण. पण ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

दाभण म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. गाड्यांच्या सीटा आणि कव्हरं शिवायचं त्याचं दुकान. अंगाने सरळसोट, काटकुळा, म्हणून लहानपणीच कुणीतरी दाभण म्हटलं आणि तेच चिकटलं. आणि ज्यांना तो भाऊजी म्हणत होता त्यांना पोहण्याच्या तलावावरची झाडून सगळी मुलं कोरडेकाका म्हणत. हे आडनाव नव्हे. मुलांनी दिलेली पदवी होती ती, आणि काका ती छातीवर बिल्ला लावावा तशी मिरवत.

नऊ वर्षं त्यांची व्हॅन तलावावरून मुलं घरी सोडत होती. तीनची तुकडी पाण्यातून निघाली की पोहण्याच्याच कपड्यांत, टॉवेल गुंडाळून, थबथबत गाडीत बसायची. ती घरोघर पोचवून काका परत यायचे, तोवर साडेचारची तुकडी अंग पुसून, कोरडे कपडे घालून उभी. सुरुवातीचे काही महिने सीटा कापडाच्या होत्या. पहिल्या तुकडीने भिजवलेल्या सीटवर दुसरी तुकडी बसायची. थंडीत एक लहानगा असाच ओल्या सीटवर अर्धा तास बसून घरी गेला आणि त्याच्या छातीत पाणी झालं. आठ दिवस दवाखान्यात होता. काका रोज जाऊन त्याच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. पोरगा बरा झाला, पुढे शर्यतीसुद्धा जिंकला, पण काकांच्या मनातून ती खाट काही गेली नाही. देवासमोर हात जोडून ते म्हणाले होते, माझ्या गाडीत यापुढे एकही लेकरू ओल्यावर बसणार नाही.

तेव्हा दाभणनेच ही कव्हरं शिवून दिली. गडद निळी, आतून रबराचा थर दिलेली, पाणी वरच्यावर अडवणारी. बारा सीटा, बारा कव्हरं. आणि काकांनी ती अशी सांभाळली, की बघणारा म्हणायचा, कालच घातली का? पहिली तुकडी उतरली की दोन फडकी निघायची. एकाने टिपायचं, दुसऱ्याने पुसायचं. वर हाताने दाबून बघायचं. भर उन्हाळ्यातही कव्हर हाताला गार लागायचं. आया कौतुकाने हात लावून म्हणायच्या, "अगबाई, केवढं गार!" आणि काका म्हणायचे, "मालच तसा आहे."

आज शुक्रवार. रविवारी मोठी स्पर्धा होती, दुसऱ्या शहरात, मधे घाटाचा रस्ता. अकरा मुलं आणि पोहायला शिकवणाऱ्या मॅडम. चौथ्या सीटच्या कव्हराची शिवण कडेला वीतभर उसवली होती. ती तेवढी वरच्यावर शिवून घ्यावी, म्हणजे गाडी परक्या लोकांसमोर नेटकी दिसेल, एवढ्याच कामाला काका दुपारी जेवून आले होते.

"कव्हर काढावं लागेल," दाभण म्हणाला.

"काही काढायचं नाही. वरून मार चार टाके."

"ओल्यात टाका धरत नाही." त्याने खाली वाकून सीटच्या तळाशी बोट फिरवलं. थांबला. पुन्हा फिरवलं. "हे काय भरलंय इथे?"

"सिलिकॉन. फटी बुजवायचं."

"मी दोऱ्या बांधल्या होत्या इथे. सोडायच्या दोऱ्या. गाठी मारून दाखवल्या होत्या तुम्हाला."

"त्या दोऱ्यांतून फट राहते. फटीतून पाणी जातं. म्हणून मी कड बंद करून टाकली, थेट खालच्या मॅटपर्यंत. दर वर्षी एक हात नवा देतो." काकांच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "एक थेंब जायची सोय ठेवलेली नाही."

दाभण उकिडवाच राहिला. वर बघून म्हणाला, "भाऊजी, शेवटचं कधी काढलं होतं हे?"

"काढायचं कशाला?"

"एकदाही नाही?"

"अरे, काढलं की पाणी आत जाणार नाही का!"

"नऊ वर्षं?"

"हो ना!"

"मी सांगितलं होतं," दाभण हळू बोलायला लागला, घाबरलेल्या माणसासारखा, "दर दोन महिन्यांनी काढा, सीट उन्हात टाका. अहो, पाणी आत जातच असतं. शिवणीच्या एकेका टाक्याला भोक असतं. आणि हा पट्टा बघा." त्याने सीटचा पट्टा ओढला. पट्टा कव्हराच्या चिरेतून आत उतरला होता. "ओलं पोर हा पट्टा लावतं. दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसा हा पाणी ओढतो आणि आत नेऊन सोडतो. आत जाणारं कुणी थांबवू शकत नाही. बाहेर येऊ द्यायचं असतं. तुम्ही बाहेरची वाट बंद केलीत."

दाभणने चाकू घेतला. सिलिकॉनच्या कडेवर टेकवला, तसा काकांनी त्याचा मनगटापाशी हात धरला. सवयीनेच धरला. दाभणने मान वर केली नाही. वाट बघितली. काकांनी हात सोडला.

कड कापत गेली तसा वास आला. आधी थोडा, बंद विहिरीचा यावा तसा. मग कव्हर सालीसारखं मागे आलं आणि वासाचा लोटच बाहेर पडला. दुकानासमोरून चाललेली एक बाई पदर नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडे गेली. कव्हराखालचा फोम पिवळा असायला हवा होता. तो काळा होता, आणि काळ्यावर पांढरी बुरशी, दुधावरच्या सायीएवढी जाड. दाभणने त्यात बोटं रोवली आणि मूठ आवळली. पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"म्हणून हे गार लागायचं होय," काका म्हणाले. स्वतःशीच. "मी म्हणायचो, मालच तसा आहे."

"मागून धरा जरा. पाठीचं कव्हर ओढतो."

काकांनी सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. दाभणने कव्हराला हिसका दिला. आणि सीट आली.

कव्हर नाही. सीट. अख्खी सीट, पाठ, बैठक, पाय, सगळ्यासकट, पातेल्यावरचं झाकण उचलावं इतकी अलगद वर आली. काका मागच्या मागे गाडीच्या दारावर आपटले आणि ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली. तिचे पाय हवेत होते. पायांची टोकं कुरतडलेल्या काडीसारखी झाली होती. एका टोकाला बोल्टाचं डोकं अजून चिकटून होतं. खाली बोल्ट नव्हता.

दोघं खाली बघत होते. सीट होती तिथे मॅट फाटून वर आली होती, आणि मॅटखाली पत्रा नव्हता. एक भोक होतं, परातीएवढं, कडेने गंजाचे पापुद्रे. त्या भोकातून दुकानाची फरशी दिसत होती. फरशीवरचा तेलाचा डाग दिसत होता. दाभणचा सकाळपासून सापडत नसलेला खडू, कापडावर खुणा करायचा, तोही दिसत होता, तिथे गाडीखाली, निवांत पडलेला.

"हिचे बोल्ट कुठे गेले?" काकांनी विचारलं.

"विरले."

"लोखंडाचे बोल्ट?"

"तलावाच्या पाण्यात औषध असतं भाऊजी. ते लोखंड खातं. नऊ वर्षं खात होतं."

"मग सीट कशावर उभी होती?"

दाभणने हातातल्या कव्हराकडे बघितलं. शेजारच्या सीटला बांधलेल्या पट्टीकडे, कापलेल्या सिलिकॉनच्या लांब शेपटीकडे. सीट एवढ्यावरच उभी होती.

काकांना कालची फेरी आठवली. वळणावर कुत्रं आडवं आलं होतं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला होता. मागून मुलांचा हशा उठला होता. "बेडकीने उडी मारली, बेडकीने उडी मारली!" त्यांनीही आरशात बघून हसून म्हटलं होतं, "बेडकी उडी मारणारच." चौथ्या सीटवर ती दोन्ही हात पुढे टेकवून बसली होती. ती एकटीच हसत नव्हती.

बेडकी ही त्यांची नात. लेकीची मुलगी, सात वर्षांची, पाण्यात पडली की बाहेर न येणारी. घरी ती त्यांना आजोबा म्हणे, पण गाडीत काकाच म्हणायचं असा त्यांचाच नियम होता. गाडीत सगळी लेकरं सारखी. आणि गेला महिनाभर ती म्हणत होती, काका, सीट हलते.

ते म्हणायचे, "सीट नाही हलत, तू हलतेस."

सगळी गाडी हसायची. मग मुलांनी त्याचं पालुपदच केलं. ती चढली की टाळ्या वाजवून म्हणायची, कोण हलते? बेडकी हलते! पालुपद त्यांनी धरलं, पण चाल काकांनी लावून दिली होती.

"देवा," काका म्हणाले. "देवा, देवा."

"बसा तुम्ही. स्टूल घ्या. पाणी देऊ?"

"पाणी नको," काका इतक्या जोरात म्हणाले, की दाभण दचकला.

दाभणने एकेक सीट हलवून बघितली. काका आकडे ऐकत होते. पाचवी सैल. सहावी जागची आहे पण पत्रा दबतो. नववी उचलून आली, चौथीसारखीच. दहावी सैल. गेल्या वर्षी गाडीच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी याच कव्हरांवर थाप मारून म्हटलं होतं, वा, नवीकोरी दिसते, आणि कागदावर शिक्का उठवला होता. काकांनी घरी येऊन तो शिक्का बायकोला दाखवला होता.

सगळं बघून झाल्यावर दाभण हात पुसत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "ऐका. देवाने राखलं म्हणायचं आणि—"

"नको म्हणू तसं."

"का?"

"बोल्टाचं काम मी देवाला करायला लावलं रे. महिनाभर त्याने माझ्या नातीची सीट हाताने धरून ठेवली आणि मी पुढे बसून हसत होतो. त्याचे आभार मानायला तोंड आहे का मला?"

दाभण आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा. मला दोन दिवस द्या. नवा जाड पत्रा ठोकतो, सगळ्या सीटा नव्याने बसवतो, हत्तीने ओढल्या तरी निघायच्या नाहीत. वरून हीच कव्हरं. रविवारी स्पर्धेला जा. कुणाला काही कळायचं कारण नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही ना? मग? नऊ वर्षांचं नाव तुमचं. ते एका दुपारीत कशाला घालवायचं? ताईला तरी काय सांगू मी?"

हे तो प्रेमाने म्हणत होता. आणि खरं सांगायचं तर काकांनी मान डोलावली. "हो," म्हणाले. "दोन दिवस. कर."

दाभणला हायसं वाटलं. तो पुढे जाऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यातून सिलिकॉनची नळी काढून आला. "ही मात्र आता कचऱ्यात. पुन्हा हात लावायचा नाही हिला, माझी शपथ." नळी त्याने हातात तोलली. "अर्धीच आहे की. यंदाचा हात द्यायचा राहिला होता वाटतं?"

"नाही. दिला होता."

"मग एवढी उरली कशी? बारा सीटांना अर्धी नळी पुरते?"

"दोन घेतल्या होत्या. ही तिसरी." काका सावकाश उभे राहिले. "तिसरीतली अर्धी..."

तिसरीतली अर्धी त्यांनी वाटली होती. प्रेमाने, हौसेने, घरोघर जाऊन. औषधांच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या होत्या, आमच्या गाडीतही ओली पोरं बसतात हो काका, तुमच्यासारखं आम्हाला जमत नाही. एका रविवारी काकांनी जाऊन त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटची कड बंद करून दिली. मॅडमच्या गाडीची दिली. दोन वर्षांपूर्वीच दिली होती, यंदा दुसरा हात. आणि लेकीच्या गाडीची तर त्या गाडीला कव्हरं घातली त्याच दिवशी, पाच वर्षांपूर्वी, आणि मग दर वर्षी. चहासुद्धा घेतला नव्हता कुणाकडे. सेवा म्हणाले होते.

"तीन गाड्या," काका म्हणाले. "आणखी तीन गाड्यांत मी पाणी कोंडून आलोय."

दाभणने नळी खाली ठेवली.

"मग काय करायचं?" त्याने विचारलं. पण आता त्याच्या आवाजात ते आधीचं समजावणं नव्हतं.

"ती सीट तुझ्या टेम्पोत टाक."

काकांनी मॅडमना फोन करून एवढंच सांगितलं, की आज गाडी येणार नाही, दोन्ही तुकड्यांच्या पालकांना साडेचारला बोलावून घ्या, आणि मी येईपर्यंत कुणाला जाऊ देऊ नका.

तलावाच्या फाटकाशी पंधरा-वीस पालक उभे होते, आणि पहिल्या तुकडीची मुलं पायरीवर टॉवेल गुंडाळून कंटाळली होती. कामं सोडून यावं लागलं म्हणून पालकही वैतागलेले. टेम्पो थांबला. दाभण आणि काकांनी दोन बाजूंनी सीट उतरवली आणि फाटकासमोर मधोमध ठेवली. ती उभी राहीना. पाय कमीजास्त खाल्ले गेले होते. शेवटी काकांनी ती गुडघ्याला टेकवून धरली.

"हे काय काका, भंगारचं दुकान टाकलं की काय?" पालकांपैकी बँकेतले साहेब म्हणाले. दोघंतिघं हसले.

"काय घाण वास मारतोय!"

"काका, मला सुट्टी टाकावी लागली आज. झालंय काय, ते तरी सांगा."

नऊ वर्षं याच फाटकाशी ते सगळ्यांशी बोलत आले होते, कुणाच्या सर्दीची चौकशी, कुणाच्या परीक्षेची. आज काकांनी हात खाली नेला आणि फोमवर तळवा दाबला. पाणी निघालं. दाबत राहिले, निघत राहिलं. काळं पाणी फाटकासमोरच्या फरशीवरून बँकेतल्या साहेबांच्या बुटापर्यंत गेलं. साहेबांनी पाय मागे घेतला.

"ही चौथी सीट," काका म्हणाले. "हिचे पाय जमिनीत नव्हते. आज दुपारी हाताने उचलून आली. खाली पत्राच नाही, भोक आहे. किती दिवस असं होतं, मला माहीत नाही. मी आत कधी बघितलंच नाही. मी वरून पुसत होतो."

कुणी हसलं नाही. पुढचे दोघंतिघं वाकून सीटचे पाय बघायला लागले.

"नववी पण अशीच. पाचवी आणि दहावी सैल. सहावीखालचा पत्रा दबतो. ज्यांची मुलं तिथे बसायची..." ज्यांची मुलं तिथे बसायची त्यांना ते ठाऊकच होतं. मुलांच्या जागा ठरलेल्या होत्या.

"नववीवर माझा असतो," एक बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, हजेरी द्यावी तशा. मग खालीच बसल्या, फाटकाच्या कठड्यावर, आणि शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला.

"तुम्हाला कळलं नाही?" बँकेतल्या साहेबांचा चेहरा उतरला होता. "नऊ वर्षं? माणूस एकदा तरी खाली बघतो हो!"

"नाही बघितलं."

"आम्ही पोरं दिली तुमच्या हातात!"

"हो."

"हो काय नुसतं? हो काय!"

दाभण मधे पडायला पुढे आला, तर काकांनी त्याला कोपरानेच मागे सारलं.

गर्दीच्या मागून त्यांची लेक पुढे आली. ती दवाखान्यात नर्स होती, कामाच्या कपड्यांतच आली होती. तिने आधी बापाकडे बघितलं नाही. सीटकडे बघितलं. वाकून पायाच्या टोकाला बोट लावलं. पापुद्रा गळून पडला.

"बाबा, ही बेडकीची."

"हो."

"तिने मला सांगितलं होतं, सीट हलते म्हणून. तीनदा सांगितलं." "मी तिला म्हटलं, वेडे, आजोबांच्या गाडीत काही हलत नाही."

बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. दोघांनी एकच चूक केली होती, आणि दोघांनी ती एकाच विश्वासाने केली होती.

"आणखी एक आहे," काका म्हणाले. "तुझ्या गाडीत मी हेच करून ठेवलंय. मॅडमच्या गाडीत. बाईंच्या गाडीत. आत्ता, इथे, कापून बघायचं. मी बघितल्याशिवाय त्या गाड्या हलू द्यायच्या नाहीत."

औषधवाल्या बाई लगेच म्हणाल्या, "बघा. उघडीच आहे."

आणि मग सगळे पालक, रागावलेलेसुद्धा, त्या तीन गाड्यांभोवती उभे राहिले. काका गुडघ्यावर बसून स्वतःच घातलेली कड स्वतः कापत गेले. चाकू त्यांनी दाभणला दिला नाही. बाईंच्या गाडीत फोम नुसता दमट निघाला. बाई मोठ्याने "अगं आई गं" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मॅडमच्या गाडीत बुरशी होती, पण दाभणने पाना ठोकला तेव्हा लोखंडाचा खणखणीत आवाज आला. लेकीच्या गाडीत, मागे, लहान मुलाला बसवायच्या जागी, पट्टा जिथे खाली बोल्टाने धरलेला असतो तिथे काकांनी बोट फिरवलं, आणि बोट लालसर पावडरीने माखून वर आलं. दाभणने पाना लावून ओढलं. एकदा. दोनदा. दात आवळून तिसऱ्यांदा.

"धरलाय," तो म्हणाला. "अजून धरलाय. पण आज ही गाडी घेऊन जायचं नाही, पोरी. मी सोडतो तुला."

काका त्या लाल बोटाकडे बघत होते. पाच वर्षांपूर्वी ही कड भरताना नात दोन वर्षांची होती, शेजारी बसून त्यांच्या खिशातलं पेन काढून घेत होती.

तेवढ्यात साडेचारची तुकडी बाहेर आली. बेडकी सगळ्यांत मागे, डोक्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. आज मोठ्यांची गर्दी का, कुणाला कळेना, म्हणून मुलं आपोआप गप्प झाली. तिने फाटकासमोर आडवी पडलेली सीट बघितली. बैठकीचं कव्हर नसलं तरी तिने ओळखली. पाठीचं कव्हर अजून होतं, त्यावर तिनेच चिकटवलेला मासा होता, कागदाचा, अर्धा सोललेला.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसतं आठवलं म्हणून म्हणाली.

काका तिच्यासमोर जमिनीवरच बसले. ओल्यात. काळं पाणी विजारीत मुरायला लागलं.

"किती वेळा सांगितलंस?"

"खूप."

"आणि मी काय म्हणायचो?"

तिने आजूबाजूला बघितलं. सगळे ऐकत होते. "तू हलतेस."

"खोटं म्हणायचो मी. सीटच हलत होती." मग त्यांनी मुलांकडे बघितलं, एकेकाकडे. "ऐकलंत का रे? बेडकी हलत नव्हती. सीट हलत होती. ती खरं सांगत होती आणि काका चुकले होते."

मुलांनी माना डोलावल्या. एकाने आपल्या आईचा पदर धरला.

लोक पांगायला लागले. बँकेतले साहेब जाताना म्हणाले, "उद्यापासून मी नेईन त्याला." आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मग आणखी एक जण म्हणाला. मग एक आई मुलाचा हात धरून निघून गेली. रविवारी स्पर्धेला मुलं दुसऱ्या गाडीने गेली.

त्यानंतर सहा आठवडे काकांची व्हॅन दाभणच्या दुकानात उभी होती. खालचा सगळा पत्रा कापून नवा बसला. सीटा गेल्या; त्या जागी बागेत असतात तशा भोकांच्या, टणक बैठका आल्या, वर कव्हर नाही, आत फोम नाही. पाणी पडलं की भोकांतून खाली, आणि खालून पत्र्यातल्या नळीने थेट रस्त्यावर. दुसऱ्या तुकडीसाठी बारा कोरडे टॉवेल, घडी घालून. दाभण म्हणाला, "बुडाला टोचतं हो हे." काका म्हणाले, "टोचू दे. दिसतं तरी."

तेवीस मुलांपैकी नऊ परत आली, सगळी आता तीनच्याच तुकडीला, एकाच फेरीत. नऊसुद्धा कशी आली, याचं काकांना आश्चर्य वाटत राहिलं. नववीवरच्या मुलाच्या आईने त्याला स्वतः आणून बसवलं, सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली, आणि मग त्या उतरल्या. दुसऱ्या दिवसापासून काकांनी तेच धरलं. प्रत्येक फेरीला, मुलं बसली की पुढून मागे जायचं, एकेक सीट हलवायची, आणि विचारायचं, "हलते?"

"नाही!" मूल ओरडायचं.

"हलते?"

"नाही!"

पहिल्या आठवड्यातल्या गुरुवारी ते असेच विचारत चौथ्या सीटशी आले. हलवली. घट्ट होती.

"हलते?"

बेडकी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "हो," म्हणाली.

कुणी हसलं नाही. काकांनी पुढे जाऊन इंजिन बंद केलं. दार सरकवलं. "उतरा सगळे. सावकाश."

नऊ मुलं फुटपाथवर ओळीने उभी राहिली, टॉवेल गुंडाळून, थबथबत, पायांखाली नऊ थारोळी. काका गाडीखाली शिरले. वरून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी पहिला नट पान्याने घेतला, मग दुसरा, तिसरा, चौथा. सगळे घट्ट होते. पुन्हा पहिल्यापासून घेतले.

बेडकी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि गाडीखाली डोकावली. गाडीचा नियम ती विसरली होती.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "नाही हलत. मी फक्त बघत होते."

"बघ," खालून आवाज आला. "रोज बघ."